मी, मला आणि माझ्याकडून

व्याकरण हा दिवाळी अंकाचा विषय नव्हे, हे मला ठाऊक आहे. फराळाच्या ताटात चकलीशेजारी कुणी कर्मणी प्रयोग वाढत नाही. पण उभ्या आयुष्यात ज्याच्या बोटांना खडूखेरीज दुसरे काही लागले नाही, त्या मराठीच्या प्राध्यापकाने लिहावे तरी कशावर? वाण्याने गुळावर बोलावे, सोनाराने सोन्यावर. मी ‘मी’ या शब्दावर बोलणार आहे. तसे स्वतःबद्दल बोलायला प्राध्यापकांना दिवाळी लागत नाही. या खेपेला बोलायचे ते व्याकरणाच्या अंगाने, एवढाच काय तो फरक.

विषय निघाला तो चिरंजीवांच्या अभ्यासावरून. चिरंजीव इंग्रजी शाळेत नववीत आहेत. मराठीच्या प्राध्यापकाचा मुलगा इंग्रजी शाळेत जातो याचे आमच्या नवी मुंबईत कुणाला नवल वाटत नाही. हल्ली मलाही वाटेनासे झाले आहे. एका संध्याकाळी तो वही घेऊन आला आणि म्हणाला, “बाबा, याचं मराठी सांगा.” वाक्य होते, ‘आय वॉज टोल्ड टू वेट, सो आय वेटेड.’

मी म्हणालो, “मला थांबायला सांगितलं, म्हणून मी थांबलो.”

त्याने ते उतरवून घेतले, पेन्सिल दातांत धरली आणि विचारले, “पण बाबा, यातलं पॅसिव्ह कुठं गेलं?”

प्रश्न नववीतला होता, पण त्याचे उत्तर काही नववीत मावणारे नव्हते. तो झोपी गेल्यावरही मी त्यावर विचार करीत राहिलो.

त्या इंग्रजी वाक्याचे दोन तुकडे आहेत. पहिल्यात करणारा दुसराच कुणी आहे, मी नुसता ऐकणारा. दुसऱ्यात करणारा मी. करणारे बदलले, पण ‘आय’ मात्र दोन्ही तुकड्यांत पहिल्या पाटावर ठाण मांडून आहे. हा ‘आय’ इंग्रजी वाक्यातला मोठा मानकरी. वाक्याच्या मध्ये आला तरी त्याला थोरल्या लिपीत लिहावे लागते. एकदा पाटावर बसला की तो जागचा उठत नाही. मग त्याला न उठवता पंगत पार पाडायची तर क्रियापदालाच कूस बदलावी लागते. म्हणून ‘टोल्ड’च्या आधी ‘वॉज’ येतो. इंग्रज माणूस आपला जन्मसुद्धा याच रीतीने सांगतो. ‘आय वॉज बॉर्न’ म्हणजे जन्माचे काम दुसऱ्या कुणी केले, पण बातमीत पहिला मान माझा! आत्मचरित्रे वाचावीत. मी जन्माला घातला गेलो, मला शाळेत धाडण्यात आले, मला छड्या मारण्यात आल्या, आणि मग मी पळून गेलो. चारही ठिकाणी ‘आय’ आपल्या जागी खुशाल.

मराठीतला ‘मी’ इतका अवघडून बसणारा नाही. प्रसंग पाहून तो उठतो आणि अंगरखा बदलतो. दुसऱ्याने काही सांगितले तर ‘मला’ होतो, काही संपवले तर ‘माझे’ होतो (माझे जेवून झाले), अंगात त्राण उरले नाही तर ‘माझ्याने’ होतो (माझ्याने चालवत नाही), आणि चुकून काही घडले तर ‘माझ्याकडून’ होतो. ‘मला थांबायला सांगितले’ या वाक्यात सांगणाऱ्याचे नाव नाही, तरी क्रियापदाला कसली कसरत करावी लागली नाही. इंग्रजीत जे काम क्रियापद करते, ते आमच्याकडे ‘मी’चा एक प्रत्यय करतो. चिरंजीवांचे पॅसिव्ह हरवले नव्हते. मराठीला इथे त्याची गरजच पडली नव्हती.

पण याहून गमतीची गोष्ट पुढेच आहे. ‘मी पत्र लिहिले’ हे वाक्य घ्या. इतके साधे, इतके घरगुती वाक्य. कुणालाही विचारा, तो सांगेल की यात मुख्य मी. पण शाळेत शिकवलेले व्याकरण आठवून पाहा. हा कर्मणी प्रयोग! क्रियापद माझ्याकडे बघतच नाही. पत्र लिहिले, चिठ्ठी लिहिली, निबंध लिहिला. ते आपले पत्राच्या, चिठ्ठीच्या, निबंधाच्या तालावर चालते. लिहिणारा पुरुष की बाई, याचा त्यात पत्ता लागत नाही. ‘मी गेलो’ आणि ‘मी गेले’ यांत तो लागतो. ‘मी चिठ्ठी लिहिली’ यात नाही. निनावी चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांनी भूतकाळातल्या सकर्मक क्रियापदांचे आभार मानायला हवेत.

हे कसे झाले? संस्कृतात ‘मया पत्रं लिखितम्’ असे म्हणत, म्हणजे माझ्याकरवी पत्र लिहिलेले झाले. तीच घडण प्राकृतातून उतरत मराठीत आली. जुन्या मराठीत या ‘मया’ची खूण स्पष्ट दिसे. जुनी माणसे ‘म्यां पत्र लिहिले’ असे लिहीत. पुढे ‘म्यां’वरचा अनुस्वार आणि यकार झिजला, आणि तृतीयेतला ‘मी’ प्रथमेतल्या ‘मी’सारखाच दिसू लागला. ‘त्याने’, ‘तिने’, ‘रामाने’ यांच्या अंगावर तो ‘ने’ अजून आहे. ‘मी’ मात्र वेष पालटून बसला आहे. ‘तू’ला तर भाषेने आणखी एक आकडा अडकवला. ‘तू पत्र लिहिलेस’ यातला तो शेवटचा ‘स’ पाहा. दुसऱ्याने केले की बोट दाखवायचे, स्वतः केले की नुसते केले म्हणायचे!

काही क्रियापदे मात्र भूतकाळातही ‘मी’ला सोडत नाहीत. मी पाणी प्यालो, मी धडा शिकलो, मी कविता विसरलो, मी डाव हरलो. इथे पाणी, धडा, कविता, डाव हे सगळे कर्म असूनही क्रियापद माझ्याच मागे येते. जे आत जाते, मनात राहते किंवा मनातून निसटते, त्याने माझ्यातच काही बदलते म्हणून असे असेल काय? तसे मानायला मला आवडले असते. पण ‘मी आंबा खाल्ला’ हे वाक्य मध्येच आडवे येते. आंबा तर चांगला आत जातो! भाषा आपल्या उपपत्तींसाठी जेवत नाही, हे मी पुष्कळ वर्षांपूर्वी शिकलो.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण छापले, मोरो केशव दामल्यांनी १९११ साली आपले ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ सिद्ध केले, आणि तेव्हापासून या प्रयोगांवर पंडितांचे वाद चालू आहेत. त्या वादात वाचकांना मी ओढणार नाही. मला त्या सगळ्या परिभाषेतला एकच शब्द फार आवडतो. ‘मी पत्र लिहिले’ या घडणीला शाळेच्या पुस्तकात ‘प्रधानकर्तृक कर्मणी’ म्हणतात. क्रियापद चालेल कर्माच्या मागे, पण वाक्यात प्रधान करणाराच. किती शहाणपणाची तडजोड आहे ही! केलेले काम पुढे, करणारा मागे; पण करणारा हजर. कामाचा मान कामाला आणि जबाबदारी माझ्याकडे.

म्हणजे चिरंजीवांच्या पॅसिव्हला मराठी अनोळखी नव्हती. मराठीचे स्वतःचे जुने कर्मणी रूपही होते. यादवकाळातल्या मराठीत ‘कीजे’, ‘बोलिजे’ अशी रूपे सर्रास आढळतात. ती रूपे गेली, पण त्यांची दोन नातवंडे आपल्या घरात रोज वावरतात. एक ‘म्हणजे’ आणि दुसरे ‘पाहिजे’. दिवाळीत “मला आणखी एक लाडू पाहिजे” म्हणून हट्ट करणारे पोर सातशे वर्षांपूर्वीचा कर्मणी प्रयोग करीत असते. लाडू नाकारताना आपण हे लक्षात घ्यावे.

मग इंग्रजी आली. शाळाशाळांतून भाषांतराचे धडे सुरू झाले. तर्खडकरांच्या पाठमालेवर तर कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. ‘बाय’ला काहीतरी मराठी हवे होते, ते ‘कडून’ सापडले. ‘रावण रामाकडून मारला गेला’ हे वाक्य जन्माला आले. व्याकरणाने त्याचे ‘नवीन कर्मणी’ असे बारसेही केले. परीक्षेपुरते हे वाक्य ठीक आहे, पण घरात कुणी असे बोलत नाही. “पोळ्या माझ्याकडून लाटल्या गेल्या,” असे आमची सौ. म्हणाली तर मी आधी तिच्या कपाळाला हात लावून ताप पाहीन. कारण बोलण्यात ‘माझ्याकडून’चा अर्थ वेगळा आहे. ‘माझ्याकडून कप फुटला’ म्हणजे फोडायचा नव्हता, फुटला. इंग्रजीतला ‘बाय मी’ नुसते नाव सांगतो. मराठीतला ‘माझ्याकडून’ माफी मागतो.

चिरंजीव त्याहूनही हुशार. ते स्वयंपाकघरातून नुसते ओरडतात, “आई, कप फुटला!” यात ‘मी’ही नाही आणि ‘माझ्याकडून’ही नाही. कपाच्या मनात आले, कप फुटला. आई विचारते, “कुणी फोडला?” घरोघरच्या आया हा प्रश्न न चुकता विचारतात, आणि तो अचूक असतो. ‘फुटला’ला ‘फोडला’ने उत्तर द्यायचे आणि ‘कुणी’ पुढे ठेवायचा! मराठीचा सगळा प्रयोगविचार या दोन शब्दांत आला.

घरात हा प्रश्न विचारायला आई असते. कचेरीत नसते. तिथे ‘नवीन कर्मणी’हूनही एक पाऊल पुढची रचना नांदते. ती म्हणजे ‘करण्यात आले’. ‘पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येईल’, ‘अर्ज फेटाळण्यात आला’, ‘सर्व बाबींचा विचार करून निर्णय घेण्यात आला’. हे शेवटचे वाक्य जरा निरखून पाहा. मराठीतले ‘करून’ मालक मागते. ‘कागद वाचून मी सही केली’ म्हटले की वाचणाराही मी आणि सही करणाराही मीच. क्रियापद सहीच्या मागे गेले तरी ‘वाचून’ बरोबर माझ्याकडे येते. ते प्रधान कर्ता ओळखते. पण ‘सर्व बाबींचा विचार करून निर्णय घेण्यात आला’ यात विचार कुणी केला? निर्णयाने तर केला नाही. ते बिचारे ‘करून’ वाक्यात मालक शोधत हिंडते आणि त्याला कुणी सापडत नाही.

हे मी कचेऱ्यांच्या रागाने म्हणत नाही. राज्याचा कारभार एका माणसाचा नसतो. टेबल तेच असते, माणूस बदलतो. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६४ साली राजभाषेचा कायदा झाला, आणि इंग्रजीत चालत आलेला कारभार मराठीत आणायचे अवघड काम पुष्कळांनी निष्ठेने केले. त्या कामात इंग्रजी कारभाराचे पॅसिव्ह जसेच्या तसे आले, इतकेच. आणि मूळ इंग्रजीतही ते काही नेहमी साळसूद नसते. जॉर्ज ऑर्वेलने १९४६ सालच्या एका निबंधात लिहिणाऱ्यांना बजावले होते की, कर्तरी चालत असेल तिथे कर्मणी वापरू नका. अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी १९८७ साली तिथल्या संसदेपुढे गंभीर चुका झाल्याचे मान्य केले, ते असेच कर्त्याचे नाव न घेता. त्यापूर्वी १८७६ साली अध्यक्ष ग्रँट यांनीही आपल्या कारकिर्दीतल्या चुका कर्मणीतच सांगितल्या होत्या. पण लगेच पुढे, त्या सर्वांना दिसतात आणि मीही त्या मान्य करतो, असा अर्थ जोडला होता. अर्धे वाक्य आडोशाला आणि अर्धे उजेडात. कर्मणीच्या शेपटाला एक ‘मी’ बांधला की वाक्याची जात कशी बदलते, याचा हा नमुना आहे.

आता मी जिथे राहतो त्या गावाबद्दल. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण भागांतल्या ९५ गावांच्या सुमारे ३४४ चौरस किलोमीटर टापूत नवे शहर वसवायचे ठरले. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने जमिनी घेतल्या गेल्या. भातखाचरे, मिठागरे, खाडीकाठचे बांध यांच्या जागी सेक्टर आले. आगरी, कोळी आणि इतरांची जुनी गावे त्या सेक्टरांच्या मधोमध अजून आहेत, आणि त्या गावांतली मुले-मुली आमच्या वर्गात बसतात.

एकदा प्रथम वर्षाच्या वर्गाला मी ‘माझे गाव’ असा निबंध घातला होता. उरणकडच्या एका मुलीने लिहिले होते, ‘आमच्या कुटुंबाची जमीन संपादित करण्यात आली आणि मी महाविद्यालयात आले.’ वाक्य शुद्ध होते. लाल शाईला त्यात काही काम नव्हते. तरी तास संपल्यावर मी तिला थांबवून घेतले.

“हे ‘संपादित करण्यात आली’ कुठून घेतलंस?”

“घरी कागद आहेत, सर. त्यांत असंच आहे.”

“घरी बोलताना काय म्हणतात?”

ती जरा घुटमळली. “आजी ‘जमीन गेली’ म्हणते.”

“आणि आजोबा?”

“ते ‘घेतली’ म्हणायचे.”

“कुणी घेतली?”

“ते आमच्याकडे सांगावं लागत नाही, सर.”

एकाच घटनेची तीन वाक्ये. ‘जमीन गेली’ हे आजीचे वाक्य. माणूस जातो तशी जमीन गेली. त्यात आरोप नाही, शोक आहे. ‘जमीन घेतली’ हे आजोबांचे. त्यात घेणाऱ्याचे नाव नाही, पण त्याची जागा रिकामी ठेवलेली आहे. ऐकणाऱ्याने ती भरून घ्यावी. आणि ‘जमीन संपादित करण्यात आली’ हे कागदाचे. त्यात शोकही नाही आणि रिकामी जागाही नाही. त्या मुलीने आजी-आजोबांची वाक्ये घरीच ठेवून कागदाचे वाक्य निबंधात आणले होते, कारण लिहायची मराठी तीच, असे आम्ही शिकवणाऱ्यांनी तिच्या मनावर ठसवले आहे. तिसरी पिढी आपल्या घराची गोष्ट कचेरीच्या तोंडून सांगू लागली, म्हणजे जमिनीनंतर आणखीही काही गेले असे मला वाटते.

पण एवढ्यावरून कर्मणी प्रयोगाला शिक्षा ठोठावायला मी तयार नाही. याच टापूत शेतकरी कामगार पक्षाचे नेते दि. बा. पाटील यांच्या पुढारपणाखाली जमिनीच्या मोबदल्यासाठी मोठा लढा झाला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ या दोन दिवशी उरण तालुक्यात आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच शेतकरी मारले गेले. मूळ मालकांना विकसित जमिनीचा साडेबारा टक्के वाटा देण्याची योजना पुढे या लढ्यातून आली. आता ‘पाच शेतकरी मारले गेले’ या वाक्याकडे पाहा. तेही कर्मणीच आहे. पण त्याच्याऐवजी कर्तरी ‘पाच शेतकरी मेले’ म्हणून पाहा! ‘मेले’ म्हटले की तापानेही मेले असतील. ‘मारले गेले’ यात कुणीतरी मारले, हे उघड आहे. इथे कर्मणीने मारणाऱ्याला लपवले नाही. मेलेल्यांना पुढे आणून उभे केले. म्हणजे दोष प्रयोगाचा नसतो. वाक्य ऐकून ‘कुणी?’ हा प्रश्न विचारावासा वाटतो की नाही, यावर सगळे आहे. ‘मारले गेले’ तो विचारायला लावते. ‘करण्यात आले’ ऐकले की विचारावेसेच वाटत नाही.

त्या मुलीला मी एवढेच सांगितले, “वाक्य चुकलेलं नाही. पण पुढच्या खेपेला आजीचं वाक्य लिहून बघ.” तिने पुढे ते लिहिले. सत्रअखेरीला दिलेल्या निबंधात तिने तिन्ही वाक्ये एकाखाली एक लिहिली, आणि खाली कोणते कुणाचे ते सांगितले. त्या निबंधाला मी किती गुण दिले ते इथे सांगत नाही. विद्यापीठाचे नियम आहेत.

त्या दिवशी घरी येताना माझ्या मनात तिच्या वाक्याच्या शेजारी आणखी एक वाक्य येऊन बसले. पंधरा वर्षांपूर्वी आम्ही साताऱ्याकडचे दोघे नवराबायको कर्जाचे कागद हातात धरून इथे आलो. आमची इमारत जिथे उभी आहे तिथे भातशेती होती, असे जवळच्या गावातली जुनी माणसे सांगतात. तेव्हा माझे वाक्य असे होते, ‘इथली शेते घेतली गेली, आणि मी इथे घर घेतले.’ दोन्हीकडे क्रियापद एकच, घेणे. पहिल्या तुकड्यात कर्ता नाही, दुसऱ्यात मी आहे. आणि मध्ये एक ‘आणि’.

हे वाक्य मी पुष्कळ फिरवून पाहिले. घर मी लबाडीने घेतले नाही. त्याचे हप्ते अजून भरतो आहे. शेते मी घेतली नाहीत. ती घेतली तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. पहिल्या तुकड्यात माझे नाव घालता येत नाही, हे खरेच. पण मधला ‘आणि’ काढून दोन स्वतंत्र वाक्ये करू म्हटले, तर तेही होत नाही. भूसंपादनाचा तो जुना कायदा जाऊन २०१४ पासून नवा लागू झाला, इमारतीला रंगही नवा लागला. वाक्यातला ‘आणि’ तसाच आहे. त्याचा अर्थ ‘म्हणून’ होतो की नाही, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

चिरंजीवांना मी हे सगळे सांगितले नाही. त्यांना परीक्षेत पाच वाक्यांचे पॅसिव्ह करायचे होते आणि ते त्यांनी बिनचूक केले. मात्र एक नियम आमच्या घरी लागू झाला आहे, आणि तो मलाही आहे. काही सांडले, फुटले, हरवले, तर पहिले वाक्य कसेही असो. दुसऱ्या वाक्यात ‘मी’ आला पाहिजे. परवा माझ्या हातून चष्मा पडला. मी म्हणालो, “चष्मा फुटला.” दारातून चिरंजीवांनी नुसते माझ्याकडे पाहिले.

मी म्हणालो, “मी पाडला.”

क्रियापद चष्म्याच्या मागे गेले ते गेलेच. पण कर्ता जागेवर होता.